भूदेवीची शंकावही

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळही नाही. आज तुमच्यापुढे बोलते आहे म्हणून मला भली समजू नका — आणि मध्येच ‘जाऊ द्या हो, तुम्ही तरी काय करणार’ असंही म्हणू नका. त्या वाक्याची मला चीड आहे.

मला भूदेवी आवडत नसे. का? ती सोलापुरात साखर पेठेत राहायची. घरात तेलुगू, वडील मागावर कापड विणायचे, मायलेकी विड्या वळायच्या. मॅट्रिक होऊन ती बाहेरून बी.ए. करत होती, आणि मी मुलींच्या शाळेत इंग्रजीची तात्पुरती शिक्षिका. बहात्तरच्या दुष्काळापासून ती दर रविवारी माझ्याकडे वही घेऊन येई. डाव्या पानावर तिची शंका, उजवं पान माझ्या उत्तरासाठी कोरं. ‘अ’ कुठं आणि ‘ॲन’ कुठं, अमक्या स्पेलिंगात एक ‘एल’ की दोन, ‘डू’ आणि ‘मेक’मध्ये फरक काय. पानांना तंबाखूचा वास यायचा. मी नाक मुरडून उत्तरं लिहायची — हो, अगदी नाक मुरडून.

पण वास हे खरं कारण होतं का? नव्हतं. तिसऱ्या वर्षी तिच्या शंका अशा यायला लागल्या की मलाच उत्तर येईना. मी म्हणायची, तसंच असतं. ती हळूच म्हणायची, “व्हय बाई, पण धड्यात उलट दिलंय की.” उर्मटपणे बोलली असती तर हाकलून तरी दिलं असतं. ती तशी कधी बोललीच नाही. त्याचाच जास्त राग यायचा.

मग शाळेत इंग्रजीची एक कायम जागा निघाली. एकच. मी अर्ज केला. तोवर भूदेवी बी.ए. झाली होती, तिनंही केला — आणि पाठवण्याआधी मलाच तपासायला दिला, वहीबरोबर. मी दोनदा वाचला. त्यात एकही चूक नव्हती.

इथवर आले की जीभ अडते. अडू दे.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी ती वही घेऊन शाळेच्या सेक्रेटरींकडे गेले. त्यांना इंग्रजी बेताचंच. मी पहिली दहा पानं उघडून दाखवली — ती तीन वर्षांपूर्वीची आहेत हे सांगितलं नाही. म्हटलं, हिला काय काय येत नाही ते हिनंच लिहून ठेवलंय. मागची पानं अंगठ्यानं दाबून धरली होती. सेक्रेटरी हसले. मीही हसले. विश्वासानं कुणी आपलं न येणं आपल्यापुढे उघडं करावं आणि आपण तेच उचलून — याला केसानं गळा कापणं म्हणतात. मी तो कापला, इस्त्रीचं पातळ नेसून.

जागा मला मिळाली.

एवढंच असतं तर कदाचित मी आजही गप्प बसले असते. पुढच्या रविवारी ती आली. “तुमचं इंग्रजी कच्चं आहे,” एवढंच तिला सांगण्यात आलं होतं. हातात नवी वही. म्हणाली, “बाई, माझं कुटं चुकतंय तेच कळंना झालंय. तुमी सांगाल तसं करते.”

तेव्हा तरी खरं बोलता आलं नसतं का? आलं असतं. घरात आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, पाया कच्चा आहे, पहिल्यापासून सुरू कर — आणि तिच्या हातात पाचवीचं पुस्तक दिलं. बी.ए. झालेल्या बाईच्या हातात! तिनं ते केलं. तीन महिने एकेक स्पेलिंग दहा दहा वेळा लिहून आणलं. मी लाल शाईनं खुणा करत बसले. मग तिनं येणं सोडलं.

वर्षभरानं तिची आई मंडईत भेटली. भूदेवी काय करते, मी विचारलं. विचारायची तरी हिंमत कशी झाली माझी?

“विड्या वळती की. पुस्तकं समदी देऊन टाकली. म्हनती, मला डोकंच न्हाई.” मग त्या माउलीनं माझा हात धरला. “तुमी मात्र लई जीव लावला बगा पोरीला.”

मी हात सोडवून घेतला नाही. “हो,” म्हटलं, “अभ्यास मन लावून करायची ती.”