हाकेला न वळणारा बजरंग मिस्त्री

संगीत नाटकांत मी तीस वर्षं काढली. माइक नसतानाही माझी हाक शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची. तीच हाक दोन हजार चार साली बिबवेवाडीतल्या एका सुतारकामाच्या कारखान्यात वाया गेली.

रंगपटात वापरलेलं माझं आरशाचं टेबल लंगडत होतं, म्हणून गेले होते. गोल करवतीच्या यंत्रावर एक बुटका, रुंद खांद्यांचा माणूस फळी पुढे सरकवत होता. मी मागून म्हटलं, "अहो मिस्त्री!" काही नाही. "अहो बजरंग मिस्त्री!" मानसुद्धा हलली नाही. म्हटलं, काय हा तोरा!

फळी पार झाली. त्यानं बटण बंद केलं, पातं पुरतं थांबेपर्यंत त्याच्याकडे पाहत राहिला आणि मग वळला. "बोला बाई."

"ऐकू येत नाही वाटतं?"

"येतं ना. दोन्ही हाका ऐकल्या. दुसरी जास्त रागाची होती."

आता मला राहवेना. हाक ऐकूनही वळायचं नाही, हे जमतं कसं? आमच्याकडे पहिल्या रांगेत कुणी शिंकलं, की नवख्या नटाची नजर तिकडे जायचीच. मी तिथल्याच स्टुलावर ठाण मांडलं.

उत्तर त्याच्या बायकोनं दिलं. द्वारका दाराशी बसून पॉलिशपेपर घासत होती. ही जोडी वाशीमकडची. बजरंग आधी दुसऱ्या एका कारखान्यात काम शिकत होता. तिथं शेजारच्या यंत्रावरच्या श्यामला मालकानं हाक मारली. श्यामनं मान वळवली, मानेबरोबर हात सरकला आणि दोन बोटं गेली. त्या संध्याकाळी बजरंगनं घरी पलंगाच्या कडेवर एक फळी ठेवली, ती पुढे सरकवायला घेतली आणि बायकोला म्हणाला, "मागून हाक मार. मी वळता कामा नये."

"मी कायकाय ओरडले!" द्वारका सांगत होती. "अहो, दूध उतू गेलं! अहो, मामा आले! हे ढिम्म. मग म्हणाले, कारखान्यात 'अहो' कोण म्हणणार? नाव घे."

"मग?"

"नवऱ्याला नावानं हाक? चार दिवस जीभच उचलेना. पाचव्या दिवशी डोळे मिटून ओरडले, 'बजरंग!' आणि हे गर्रकन वळले."

"वळणार नाही तर काय," बजरंग ओशाळून म्हणाला. "हिच्या तोंडून कधी ऐकलंच नव्हतं."

पुढे पंधरा दिवस रोज तालीम. शेजारणी म्हणायच्या, द्वारका फार माजली, नवऱ्याला अरेतुरे करते.

माझ्या टेबलाचा पाय दुसऱ्याच दिवशी बसला, तरी मी काही ना काही निमित्तानं जात राहिले. खराडीत तेव्हा आयटीची ऑफिसं उघडत होती. त्यातल्या एकानं बजरंगला चाळीस टेबलांची ऑर्डर दिली. एवढी मोठी ऑर्डर ही पहिलीच. एका दुपारी मी बसले असताना त्या ऑफिसचा अभिनव नावाचा तरुण तरातरा आत आला. करवत चालू होती.

"काका! दहा मिस्ड कॉल! डिझाइन चेंज झालंय."

बजरंग वळला नाही.

"हॅलो! इग्नोर करताय का?" म्हणत तो हात पुढे करून निघाला.

द्वारकानं धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला. पातं मंदावत होतं, तेवढ्यात अभिनवचा हात बजरंगच्या खांद्यावर पडला. बजरंग नखशिखान्त दचकला. त्याचा उजवा हात फळीवरून सटकला आणि फिरत्या पात्यापासून बोटभर अंतरावर थांबला.

पातं थांबलं.

"साहेब," द्वारका म्हणाली, "हाकेची सवय केली होती हो. हाताची नव्हती केली."

अभिनव पांढराफटक पडला. "सॉरी काका. मला खरंच... मग आता टेबलं?"

"आज यंत्रामागे कठडा घालणार. टेबलं उद्यापासून."

"पण सोमवारी डिलिव्हरी आहे!"

"मंगळवारी मिळेल. पटत नसेल तर पुण्यात सुतार पुष्कळ आहेत."

द्वारकानं पदर तोंडावर धरला. चाळीस टेबलं!

अभिनवनं फोन काढला. "हां सर, एक दिवस लेट होईल. नाही, मिस्त्रींची चूक नाही. माझीच आहे." त्यानं फोन खिशात टाकला.

बजरंगनं कठड्याचं माप घ्यायला टेपचं टोक त्याच्या हातात दिलं. "धरा. भिंतीला टेकवा. सैल सोडू नका."