फ्रेंच साहित्य, खंड एक ते नऊ

"हेही नको," असं म्हणत मृणालताईंनी तिसरं पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं.

मी डोणगावच्या एका सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे फ्रेंच या नावाखाली जे काही होतं ते सगळं मी काढून दिलं होतं. एका जुन्या कादंबरीचं मराठी भाषांतर, राज्यक्रांतीचा एक इतिहास आणि घरबसल्या महिनाभरात फ्रेंच शिकवण्याचं वचन देणारं एक पुस्तक. त्यातले पहिले चार धडे कुणीतरी पेन्सिलीने सोडवले होते. पाचव्याला गडी गळाला असावा.

"मला फ्रेंच येतं, भाऊ," त्या म्हणाल्या. "कितीतरी वर्षं पुण्यात शाळेत शिकवलं. मला आता वाचायचंय. मूळ फ्रेंचमधली कादंबरी, आजच्या माणसांची. आणि वाचताना मजा आली पाहिजे."

मृणालताई मूळच्या आमच्याच भागातल्या, दुसरबीडच्या. नवऱ्याची बदली इकडच्या बँकेत झाली, तेव्हा पुण्याची नोकरी सोडून डोणगावला आल्या. इथे फ्रेंच बोलायला कुणी नाही, ही त्यांची तक्रार नव्हती. तशी त्यांची अपेक्षाही नव्हती.

"पूर्वी मला फ्रेंचमध्ये स्वप्नं पडायची. आता नुसती क्रियापदं दिसतात. कादंबरी उघडली की पानाखाली प्रश्नोत्तरं असतील असं वाटतं. नोकरी सोडल्यापासून एकही पूर्ण झाली नाही. आता शेवटचा प्रयत्न. नाही जमलं तर मला फ्रेंच येतं असं सांगणं बंद करणार."

"फोनवर वाचून पाहिलं?"

"पाहिलं ना. नमुना म्हणून पहिलं प्रकरण फुकट देतात. अशी कितीतरी पहिली प्रकरणं वाचली, दुसरं एकाचंही वाचावंसं वाटलं नाही. याद्या पाहाव्यात तर सगळी बक्षीसवाली. प्रत्येकीत कुणाची तरी आई मरते आणि मग दोनशे पानं पाऊस पडतो."

आमच्या कामात याला वाचकसल्ला म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी काम साधं आहे. वाचक 'चांगलं पुस्तक द्या' म्हणतो, तेव्हा त्याला चांगलं म्हणजे काय ते विचारायचं नाही. तो घाबरतो आणि खोटं बोलतो. ज्याच्या नादात स्वयंपाक करपला असं शेवटचं पुस्तक कोणतं, ते विचारायचं. मी ताईंना तेच विचारलं.

त्यांना लगेच आठवलं. होस्टेलमध्ये मैत्रिणीकडून आणलेली कादंबरी. घटस्फोट घेणारं जोडपं, सामानाची वाटणी झालेली, आणि कुत्रा कुणाकडे जाणार यावरून साडेतीनशे पानं भांडण. सांगतानाच त्यांना हसू फुटलं. मला हवं ते कळलं.

आता अडचण माझी. मला फ्रेंचचं एक अक्षर येत नाही. मग मी निवडणार कसं? पुस्तकविक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, फ्रेंचच पाहिजे का? जर्मन बी देतो." त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

न वाचता पुस्तक ओळखायची एक रीत आमच्याकडे आहे. पुस्तक मिटायचं आणि पानांच्या बाहेरच्या कडेकडे पाहायचं. जिथपर्यंत माणसांनी वाचलेलं असतं, तिथपर्यंत कड बोटांनी मळते. आमच्या कपाटातली पारितोषिकप्राप्त पुस्तकं पाहा. पहिली तीस पानं काळपट, आणि पुढे नव्या धोतरासारखी शुभ्र. माणसं आदरानं सुरुवात करतात आणि आदरानंच परत आणून देतात. उलट एखादी भुताची कादंबरी शेवटच्या पानापर्यंत सारखी काळी असते. कडेला खोटं बोलता येत नाही.

पुण्यात फ्रेंच शिकवणारी एक संस्था आहे. तिच्या ग्रंथालयात फोन लावला आणि तिथल्या ग्रंथपाल बाईंना विनंती केली, "बाई, जरा कपाटाजवळ जाऊन पुस्तकांच्या कडा पाहता का?"

"म्हणजे? तुम्हाला लेखक कोणते हवेत?"

"लेखकाचं नाव नको. शेवटपर्यंत मळलेली पाहिजेत. नवी असून मळलेली."

त्या हसल्या. फोन कानाला लावूनच त्या कपाटापाशी गेल्या असाव्यात, कारण मध्येच म्हणाल्या, "अगंबाई! याला तर मोठं बक्षीस होतं. चाळीस पानांपुढे कोरं आहे." थोड्या वेळाने त्यांना नऊ सापडली. वापरून इतकी खिळखिळी झाली होती की त्या ती बाद करणार होत्या. बाद करणं म्हणजे फाटकी पुस्तकं नोंदीतून काढून टाकणं. "तुम्हाला देणगी म्हणून पाठवते," त्या म्हणाल्या.

देणगी स्वीकारायला आमच्याकडे अध्यक्षांची सही लागते. इथे नानासाहेब आले.

नानासाहेबांचं कृषी केंद्र आहे, शेती मोठी आहे, मन त्याहून मोठं आहे. पुस्तकांविषयी त्यांना आदर इतका की ते त्यांना हात लावत नाहीत.

"फ्रेंच? आपल्या डोणगावात?" त्यांचे डोळे चमकले.

"हो. एका वाचकाला हवी आहेत."

"एक वाचक कायले म्हणता इंगळे? आंतरराष्ट्रीय विभाग म्हना ना!"

तिथेच मी ओळखलं, आता कार्यक्रम होणार.

पार्सल एसटीने आलं. नानासाहेबांनी ते स्वतः उघडलं आणि त्यांचा चेहरा पडला. "हे काय हो? पुण्यावाल्यानं रद्दी धाडली काय?"

"वाचून वाचून अशी झालीत, नानासाहेब."

"वाचून झाली तं मंग आपल्याले कायले पाह्यजे?"

मी नोंदवही उघडून नऊही पुस्तकं चढवून घेतली.

त्यानंतर मी भाचीच्या लग्नासाठी रजा घेऊन रोहिणखेडला गेलो. तीच चूक झाली. आमच्या भागात ग्रंथालयाचं फाटकं पुस्तक बाइंडरकडे जातं, जाड पुठ्ठा आणि रेक्झिन चढवून परत येतं. नानासाहेबांनी नऊच्या नऊ मेहकरला धाडली. परत आलो तेव्हा टेबलावर मरून रंगाचे नऊ ठोकळे उभे होते. प्रत्येकावर सोनेरी अक्षरं: 'फ्रेंच साहित्य, खंड १', 'खंड २', थेट नऊपर्यंत. मुखपृष्ठं गेली होती. मळलेल्या कडा कटिंग मशीनवर कापून पांढऱ्याशुभ्र केल्या होत्या. खंड सहा आतून उलटा शिवला होता.

नऊ लेखक, एकमेकांना न ओळखणारे. बाइंडरने त्यांना सख्खे भाऊ करून टाकलं.

"नानासाहेब, या सुट्या कादंबऱ्या आहेत. यांचा आपसात काही संबंध नाही."

"आता हाय ना. नंबर टाकले न् त्याच्यावर." मग ते गंभीर झाले. "अन् इंगळे, हा संच हाय. संच घरी देता येत नाई. तुमीच सांगतले होते मले."

हे खरं होतं. ज्ञानकोशासारख्या खंडांना आम्ही संदर्भग्रंथ म्हणतो. ते इथेच बसून पाहायचे, घरी न्यायचे नाहीत. एक खंड गहाळ झाला की उरलेल्यांची किंमत जाते, म्हणून. माझाच नियम माझ्यावर उलटला. खंड काचेच्या कपाटात गेले आणि किल्ली नानासाहेबांच्या खिशात.

मृणालताई आल्या. काचेतून पाहिलं. "खंड? भाऊ, मी काय पीएचडी करतेय?"

"नानासाहेब म्हणतात, इथे बसून वाचा."

त्यांनी वाचनकक्षाकडे नजर टाकली. स्पर्धा परीक्षेची मुलं ओळीने मान खाली घालून बसली होती. "इथे मी परीक्षाच देईन," त्या म्हणाल्या. "तुम्ही एवढं केलंत, त्याबद्दल धन्यवाद. पण राहू द्या आता." हे त्या रागाने बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

उद्घाटनाच्या दिवशी फ्लेक्स लागला, शाल-श्रीफळ झालं. प्रमुख पाहुणे निवृत्त प्राचार्य होते. ते राज्यक्रांतीवर बोलले आणि राजाचं डोकं उडेपर्यंत थांबले नाहीत. फोटोसाठी त्यांनी खंड सहा उघडून वाचत असल्याचा आव आणला. तो उलटा आहे हे त्यांच्याही लक्षात आलं नाही आणि फोटोतही कळत नाही. मग नानासाहेबांनी माइक घेतला. "आता आपल्या मृणालताई फ्रेंचचं वाचन करतीन."

मीच त्यांना आग्रहाने बोलावलं होतं. त्या नाइलाजाने वर आल्या. नानासाहेबांनी खंड चार हातात दिला. त्यांनी मधलंच पान उघडलं, शिकवायच्या आवाजात चार वाक्यं वाचली. आणि थांबल्या. डोळे पानावर पुढे सरकत होते, आवाज मात्र नव्हता. पान उलटलं. सभा वाट पाहत होती. मग त्या एकदम खुदकन हसल्या.

"मोठ्यानं वाचा ना ताई," नानासाहेब कुजबुजले. माइक चालू होता.

पहिल्या रांगेत नानासाहेबांच्या पत्नी, आमच्या सगळ्यांच्या काकू, बसल्या होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, "काय लिवलं वं त्याच्यात, एवढं हसाले?"

मृणालताईंचं पुणं गळून पडलं. "काकू, एक बाई हाय. तिची सासू दोन दिवसासाठी म्हणून आली अन् आता तिसरा हप्ता लागला. तं हे बाई हापिसातून सुटली का घरी जातच नाई. घराखाली गाडीत बसून राह्यते. अन् आज काच वाजली म्हणून पाह्यलं, तं सासू! म्हणते, सरक, मले बी बसू दे, वर तुझा नवरा लई कटकट करून राह्यला."

बायकांच्या बाजूला हशा फुटला. प्राचार्यसुद्धा हसले.

"मंग?" काकू खुर्चीच्या टोकावर आल्या. "गेली का ते सासू?"

"माहीत नाही काकू. पुढचं वाचायचंय."

"मंग वाच न् घरी जाऊन."

"पुस्तक घरी नेता येत नाही. कपाटातच राहणार."

काकूंनी स्टेजकडे पाहिलं. "काऊन हो?"

"तो संच हाय," नानासाहेब म्हणाले. "नियम हाय."

"मंग सासूचं काय झालं, थे कोन सांगीन? नियम?"

मागून कुणी तरी टाळी वाजवली. नानासाहेब माझ्याकडे पाहू लागले. "नियमात बसवता येईल," मी म्हणालो. "हा संच नाही, अशी मी लेखी नोंद करतो."

नानासाहेब कसलेले पुढारी. माघार घ्यायची तर तीही हार घालून. त्यांनी घसा खाकरला आणि जाहीर केलं, "आता आंतरराष्ट्रीय विभागाच्या पयल्या वाचक मृणालताई यायले प्राचार्य साहेबांच्या हस्ते खंड चार प्रदान करन्यात येत हाय!" शाल उरली नव्हती, म्हणून प्राचार्यांची काढून ताईंना दिली.

खंड चार पुढच्या आठवड्यात परत आला. सासूचं काय झालं ते काकूंना बाजारात कळलं, आणि काकूंकडून निम्म्या डोणगावाला. कपाटाची किल्ली आता माझ्या टेबलावर असायची. मृणालताईंनी पाचवा नेला.

पाचवा परत करायला आल्या तेव्हा त्या संतापलेल्या होत्या. "किती भिकार लिहिलंय हो! मधली शंभर पानं कापून टाकायला हवीत. ती मुलगी मूर्ख, तो तिच्याहून मूर्ख. आणि शेवटी लावून दिलं दोघांचं लग्न!" आवाज इतका चढला की स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी माना वर केल्या.

"मग अर्ध्यात सोडून का नाही दिलं?"

"सोडू कशी? पुढे काय होतं ते नको कळायला?"

मी पुस्तक जमा करून घेतलं आणि पुढचं कोणतं देऊ, ते विचारलं नाही. शिव्या देत देत शेवटपर्यंत पोचणाऱ्या वाचकाला सल्ला लागत नाही. त्याला फक्त किल्ली लागते.