चौकट सरळ दिसते तेव्हा

अ‍ॅपमध्ये ‘फोटो काढून टाकायचा का?’ असं विचारणारी छोटी चौकट मी बनवली. फोनवर ती अगदी सरळ दिसते. संगणकावर मात्र दर वेळी इशारा येतो, मांडणीचे दोन नियम एकत्र पाळता येत नाहीत, म्हणून एक मोडला आहे. सकाळपासून शोधतोय, माझ्या नियमांत चूक सापडत नाही.

“अरे, ती फोनच्या सिस्टिमचीच खोड आहे. चौकट नीट दिसतेय ना? मग सोड की,” शेजारच्या टेबलावरची स्नेहा म्हणाली.

पण सोडवत नाही. काय मोडल्यामुळे ही इतकी सरळ उभी आहे?

मी कॉलेजात असताना आमची एकच खोली होती. सूतगिरणीतून रात्रपाळी करून आलेल्या माझ्या वडिलांना, अण्णांना, दिवसा झोपायला अंधार हवा असे आणि मला अभ्यासाला उजेड. खिडकी मात्र कायम उघडी असायची. अण्णा डोळ्यांवर टॉवेल टाकून पडायचे. त्या उजेडात मी घरातला पहिला पदवीधर झालो.

दुपारी त्यांना फोन केला. “अण्णा, तेव्हा तुम्हाला झोप लागायची का हो?”

“कधी?” मग म्हणाले, “डबा खाल्लास का रे?”

इशारा पुन्हा आला आहे. तो बंद करावा की नाही, कळत नाही. अण्णांकडून तर तो कधी आलाच नव्हता.