खोटं बसणं

आमच्या घरी पाळी आली की बाईनं चार दिवस पडवीच्या टोकाला पोत्यावर बसायचं. ताट वेगळं, तांब्या वेगळा. लग्न होऊन डोंगरकडा गावात सासरी आले तेव्हा मला हे नवं होतं. माझं माहेर सातपुड्याच्या पायथ्याला. जायचं तर दोन दिवस मोडतात. शाळा आठवीत सुटलेली. सासरच्यांनी परत धाडलं तर करायचं काय, ही एकच भीती.

आणि माझी पाळी चार-चार महिने यायची नाही.

कळलं तर वांझ म्हणून हाकलतील, म्हणून मी खोटीच बसू लागले. कॅलेंडरात अमावास्या बघायची, दोन दिवसांनी पोत्यावर जायचं, कोरडाच कपडा धुऊन वाळत घालायचा. सासू खूश. "धाकटी घड्याळावानी हाय," शेजारणीला सांगायची. थोरल्या जावेलाही पाळी येत नव्हती, पण ती लपवत नव्हती. अंगानं जाड, मान काळी पडलेली, दुपारी बसल्याजागी डोळा लागायचा. सासू म्हणायची, "खाऊन खाऊन मातली, मग कशी येईल?" खरं तर ती माझ्याहून अर्धी भाकर कमी खायची.

माझ्या हनुवटीवर राठ केस यायचे. पहाटे चिमट्यानं उपटताना जावेनं पाहिलं होतं. एकदा पोत्याजवळ पाणी ठेवताना म्हणाली, "काहून गं, कोरडीच बसून राहिलीस व्हय?" मी रडले. ती कुणाला बोलली नाही.

दोघींनाही लेकरू नाही म्हणून सासूनं नांदेडला नेलं. डॉक्टरीणबाईंनी मला पाळीचं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत सासू म्हणाली, "हिची बराबर हाय मॅडम. निस्ती ताकद न्हाई." मी मान हलवली. बाईंनी माझी वाळकी मनगटं पाहिली आणि टॉनिक लिहायला घेतलं.

"खोटी बसती ही," जाऊ म्हणाली. "वरीस झालं. हिचीबी सोनोग्राफी करा."

त्या घडीला ती मला वैरीण वाटली.

आजार दोघींचा एकच निघाला, पीसीओएस. पण तिची साखर आणि इन्सुलिन वाढलेलं. माझी साखर ठीक, पुरुषांचं हार्मोन जास्त. "एकमेकींच्या गोळ्या घेऊ नका," बाईंनी बजावलं. "आजाराचं नाव एक असलं तरी दोघींच्या अंगात तो वेगळा वागतो."

परतीच्या एस.टी.त अर्धापूर मागं पडलं. सासू म्हणाली, "हिच्या बापाला फोन लावते. घिऊन जा म्हणावं."

जाऊ खिडकीबाहेर बघतच बोलली, "मग माझ्याबी बापाला लावा, मामी. आजार तोच हाय. चुलीपुढं तुमी बसा."

सासूनं फोन काही लावला नाही. आता मी पोत्यावर बसले की सासू आधी कपडा बघते. परवा जावेची साखर पुन्हा वाढलेली निघाली. तिची गोळी मी रोज तिच्या ताटाशेजारी ठेवते. तिचे उपकार मानते, हे तोंडानं सांगणं मला जमत नाही. माझी पाळी अजून कधी येते, कधी नाही. नाही आली तर बसायचं नाही, असं ठरवलंय. पण अमावास्या सरली की पाय आपोआप पडवीकडे वळतात.