जावळाचं गाव

पणजोबा बारामतीत कुठून आले, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. इंदापूरच्या कचेरीत जुने उतारे चाळून वैतागलो आणि बाहेर पेरू घ्यायला थांबलो. विकणारी म्हातारी एकेक पेरू पदरानं पुसून तराजूत ठेवत होती. माझं गाऱ्हाणं ऐकून म्हणाली, "पोरांची जावळं कुठं काढता तुमी?"

"वरकुट्याच्या म्हसोबाला. पहिल्यापासून."

"मग हितं काय हुडकताय? पोराचं पहिलं केस परक्या गावच्या देवाला कोण देतंय व्हय?"

वरकुट्यात खरंच आमची भावकी निघाली. म्हसोबाला नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा म्हातारीला नेऊन दिला. तिनं तोही पदरानं पुसला आणि अर्धा मोडून माझ्याच हातावर ठेवला.