वेगळा ग्लास

"हात दाखव," शेठ म्हणाले. सगळ्यांसमोर.

मी दाखवले. बोटांच्या बेचक्यांत कातडी फाटलेली. तळव्यावर पाण्याचे बारीक फोड. मनगटापर्यंत लाल. बाकीच्या आठ बायकांचे हात थांबले. पुढं शेठ माझ्याशी बोललेच नाहीत. मुकादमाला म्हणाले, "हिला माठाला हात लावू देऊ नका. हिचा ग्लास वेगळा ठेवा. ह्यांच्या वस्तीत अंघोळ करतात की नाही, कोण जाणे."

अंधेरीला एका गाळ्यात आम्ही घड्याळाचे धातूचे पट्टे पुसायचो. पॉलिशचं काळं थिनरच्या फडक्यानं काढायचं. सकाळी साडेआठपासून संध्याकाळपर्यंत तेच. ऐंशीनंतरची वर्षं. वडिलांची गिरणी बंद पडली ती पडलीच. घर माझ्या पगारावर. म्हणून मी गप्प बसले.

त्याच दुपारी खिडकीत एक चेपलेला ग्लास आला. मुकादम वरून पाणी ओतायचा. आई तिच्या लहानपणी गावात असंच वरून ओतलेलं पाणी प्यायची. ते तिकडंच राहिलं, असं मला वाटायचं.

खरं सांगते, मी शेठवर चिडले नाही. स्वतःवर चिडले. जोगेश्वरीच्या चाळीत, मोरीत बसून कपड्याच्या साबणानं हात घासले. ब्रशनं घासले. रक्त आलं. मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिली. चार दिवस बरं वाटलं, मग दुप्पट उठलं. मग दुसरी ट्यूब. आई रात्री खोबरेल लावायची, हातांची आग आग व्हायची. भाकरी थापता येईना. वेणी घालता येईना.

मे महिन्यात मामाच्या लग्नाला खेडला गेले. बावीस दिवस राहिले. हात साफ झाले. मला वाटलं, गावचं पाणी लागलं. कामावर आले आणि चौथ्या दिवशी पुन्हा तेच. पुन्हा तो ग्लास.

माझ्या शेजारी फिलोमिना बसायची, मरोळच्या गावठाणातली. एकदा हळूच म्हणाली, "मोठ्या हॉस्पिटलात गुरुवारी चामडीचा डॉक्टर बसतो. जा ना गं."

गेले. रजा टाकून, तीन तास बाकावर बसून. डॉक्टर बाई होत्या. त्यांनी माझा हात आपल्या उघड्या हातात घेतला. किती महिन्यांत आईशिवाय कुणी धरला नव्हता. मला डोळे मिटायला लावले, हात कुठं बधिर आहे का ते बघायला कापसाचं टोक ठिकठिकाणी टेकवलं, लागतंय का विचारलं. सगळीकडं लागत होतं. मग म्हणाल्या, "सुट्टीवर गेलात की बरं होतं का?"

मला खेडचे बावीस दिवस आठवले.

"हा दुसऱ्याला लागणारा रोग नाही. तुमचं काम तुमच्या हाताला लागतंय," बाई म्हणाल्या.

मग समजावून सांगितलं. खाज पंधरा दिवसांत गेली नाही, फोडांतून पाणी किंवा पू यायला लागला, एखादा चट्टा बधिर वाटला, तर थेट इथं यायचं. मेडिकलची ट्यूब लावत बसायचं नाही. घासायचं तर अजिबात नाही. कागदावर लिहून दिलं: थिनरचं काम बंद, नाहीतर योग्य हातमोजे.

शेठनी कागद वाचला आणि खणात टाकला. म्हणाले, "हातमोजे हवेत तर घरी बस."

मी वळले. माठापाशी गेले, सगळ्यांचा ग्लास घेतला, बुडवला, प्याले. पाणी कोमट होतं. मुकादमानं शेठकडं पाहिलं. उद्यापासून येऊ नकोस, एवढंच मला सांगितलं गेलं. एकही बाई उठली नाही. त्यांचा राग नाही आला. त्यांच्या जागी मीही उठले नसते.

संध्याकाळी फिलोमिना मला शोधत चाळीत आली. दारातच तिनं हाताला गुंडाळलेला रुमाल सोडला. तिच्या बोटांवर तेच. वर्षभर लपवत होती. डॉक्टरचा वार तिला ठाऊक होता, जायची हिंमत नव्हती. म्हणाली, अजून तिघींचं असंच आहे.

मी फार थकले होते. नोकरी गेलेली, आईला अजून सांगायचं होतं. तरी तिथंच ठरवलं. येत्या गुरुवारी फिलोमिनाला नेणार. पुढच्या गुरुवारी दुसरीला. चौघींचे चार कागद झाले की, ते घेऊन त्या गाळ्यात मी स्वतः जाणार. शेठनी तेही खणात टाकले, तर त्यांच्या नकला घेऊन सरकारी कामगार कचेरीत. माझे हात मात्र मी पुन्हा त्याला तपासू देणार नाही.