भिवाजीचा खिडकीचा अर्ज

आमच्या रामाकोन्यात भिवाजीएवढा सरळ माणूस नाही, अन् त्या सरळपणाचा मले असा राग येते का विचारू नका. सरळ माणूस शेजारी असावा, घरात नसावा, हे मी त्याच्या बायकोकडे, केसरबाईकडे पाहून शिकली.

भिवाजी संत्र्याच्या पेट्या ठोके. हंगामात दिवसाले हजार-हजार खिळे. ब्याऐंशी साली त्यानं घरावरचे कवेलू काढून टिना टाकल्या. त्यासाठी सौंसरच्या एका सोसायटीतून कर्ज घेतलं अन् घर गहाण लिहून दिलं. कागदात एक ओळ होती, का कर्ज फिटेपर्यंत सोसायटीच्या परवानगीशिवाय घरात बदल करायचा नाही. बाकीचे लोक असा कागद पेटीत टाकून मोकळे होतात. ह्यानं तो पाठ केला.

झालं! घरात खिळा ठोकणं बंद. घरचं कॅलेंडर ज्वारीच्या पोत्यावर आडवं. तारीख पाहाची तर माणसानं वाकावं. कोनाडा बुजवायचा, अर्ज. कोंबडी कोपऱ्यात अंड्यावर बसली, तर "पिल्लं निघाली का कळवा लागते का?" म्हणून अर्ज. दर बारी बसनं सौंसर. तिथले सेक्रेटरी पुंडलिकराव अर्ज घेत, शिक्का मारत, फाइलीत लावत. वाचत मात्र नसत.

पण खिडकीचा अर्ज हसण्यासारखा नव्हता. केसरबाईच्या सैपाकघराले खिडकी नव्हती. पहिले कवेलूच्या फटीतून धूर निघून जाय. टिना आल्या अन् तो आतच कोंडला. बाई खोकून खोकून अर्धी झाली. भिंत मातीची, सब्बलीचे चार घाव पुरे होते.

मी म्हटलं, "भाऊ, पाडा ना भोक!"

तर म्हणते कसा, "इंदूबाई, घर गहाण हाय. उद्या जप्ती आली तर हिले घेऊन कुठं जाऊ?"

आता अशा माणसाले शिव्या द्याव्या का त्याच्या पाया पडावं? मी शिव्याच दिल्या.

चार वर्षं गेली. खिडकीचेच नऊ अर्ज झाले. शहाऐंशीच्या पोळ्याले केसरबाई पुरण शिजवता शिजवता खोकली अन् चुलीपुढंच आडवी झाली. दुसऱ्या दिवशी मी तिले हाताले धरून सौंसरच्या बसमध्ये बसवलं.

पुंडलिकरावानं फाइल काढली. सत्तावीस अर्ज! पहिल्यांदा वाचले, अन् कोंबडीपाशी आल्यावर त्याले हसू आवरेना.

"अहो बाई, गहाण म्हणजे घर विकू नका, पाडू नका, दुसरीकडे गहाण टाकू नका. राहायचं तर तुम्हीच. खिडकीनं घराची किंमत वाढते, आमचं काय जाते?"

"मंग हे चार वर्षं काहून नाही सांगितलं?" केसरबाई म्हणाली.

"कोणी विचारलंच नाही."

"सत्तावीस बार विचारलं!" मी टेबलावर अशी थाप मारली का शिक्का खाली पडला.

पुंडलिकरावानं शिक्का उचलला. परवानगी लिहून दिली अन् वरून म्हणाला, "हप्ते फिटले का गहाणाचा बोजा उतरल्याचा कागद मागून घ्या, अन् सरकारी दप्तरातली नोंद खोडून घ्या. नाहीतर पैसे फिटतात अन् बोजा तसाच राहते. मंग घर विकाले जाल तवा बोंबलाल."

"त्याले अर्ज लागते का?" केसरबाईनं विचारलं.

"लागते."

"मंग फिकर नाही. आमच्याकडे माणूस हाय."

त्याच दिवशी भिवाजीनं कागद दोनदा वाचला, कपाळाले लावला अन् बाहेरून सब्बल घातली. माती धपाधप पडली. आतला धूर भसकन बाहेर आला, अन् त्याच्यामागून केसरबाईचं तोंड दिसलं. घामानं डोक्यावरचा पदर मागं सरकलेला, अन् उजेड सरळ तिच्यावर पडलेला. सब्बल तशीच हातात धरून भिवाजी पाहतच राहिला.

"केसर," तो म्हणाला, "तुह्ये केस कवा पांढरे झाले वं?"

केसरबाईनं तव्यावरची भाकर उलटली.

"ह्याच चार वर्षांत," ती म्हणाली. "त्यायनं अर्ज नाही केला."